ट्रॅक्टरच्या डिझेलमार्गावर दाबमापक बसविणें

ऊस गळिताचा हंगाम म्हणजे ट्रॅक्टरच्या कसोटीचा काळ. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव या बागाइती तालुक्यांत तोडलेला ऊस लवकर कारखान्यावर पोंचला पाहिजे. जितका वेळ जाईल तितकें वजन घटतें व साखरेचा उतारा कमी होतो. १९५०-५१ सालीं प्रवरानगरचा सहकारी कारखाना गळितास लागला तेव्हां हें ओझें बैलांनीं वाहिलें. आज त्याचा पुष्कळ भाग ट्रॅक्टरवर आहे.

रिकाम्या ट्रॉलीस नीट चालणारा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीनें चढावर दम सोडतो, तेव्हां बहुतेक जण मुख्य डिझेल पंपास दोष देऊन तो उतरवितात. हें काम मोठ्या खर्चाचें आहे. आणि कित्येकदां पंप चांगला असून त्यास डिझेलच पुरें मिळत नसतें. हा भेद आधीं ओळखण्याचें साधन म्हणजे दाबमापक.

टाकींतील डिझेल फीड पंप ओढतो व फिल्टरमधून मुख्य पंपाकडे ढकलतो. मुख्य पंप तें मोठ्या दाबानें नोझलकडे धाडतो. फिल्टर व मुख्य पंप यांच्यामध्यें मापक बसविला म्हणजे, पाटाच्या शेवटच्या दारावर पाणी मोजल्याप्रमाणें, वरच्या सर्व वाटेची स्थिति कळते. जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरांत येथील दाब साधारणतः दर चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोपासून दोन किलोंपर्यंत असतो. आपल्या ट्रॅक्टरचा आंकडा त्याच्या पुस्तकांत पाहावा व त्याच्या सुमारें दुप्पट मोजणारा मापक घ्यावा.

इंजिन थंड होऊं द्यावें. जवळ विडी-काडी नसावी. जोडाभोंवतालची धूळ पुसावी. पंपाच्या तोंडाशीं नळी ज्या पोकळ बोल्टानें धरलेली असते, त्याच मापाचा व आंट्यांचा, माथ्यास मापकाची जागा असलेला बोल्ट घालावा. तांब्याचे वायसर नवेच वापरावे. तेथून डिझेलला टिकणारी नळी घेऊन मापक बॉनेटखालींच, सायलेन्सर व पंखा यांपासून दूर, पक्का बसवावा. नंतर फीड पंपाच्या हातदांड्यानें हवा काढून इंजिन सुरू करावें व पाझर नाहीं ना हें पाहावें.

नवा फिल्टर असतांना आलेला आंकडा तारखेसह लिहून ठेवावा. पुढची सारी तुलना त्याच्याशीं करावयाची. तपासणी ट्रॅक्टर उभा ठेवून, पीटीओवर मळणी यंत्राचा भार देऊन करावी. दाब उतरला असेल तर प्रथम फिल्टर बदलावा. तरीहि न वाढल्यास टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक, चेपलेली नळी, फीड पंपाची जाळी व परतीच्या मार्गावरील झडप क्रमानें पाहावीं. दाब पुरा असून जोर नसेल तर एअर फिल्टर पाहावा, आणि मगच नोझल व मुख्य पंप यांकडे वळावें.

दोन गोष्टींत मात्र धाडस करूं नये. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांस मापक कदापि जोडूं नये. तेथील दाब २०० किलो किंवा त्याहूनहि अधिक असतो. त्याची बारीक धार कातडींतून आंत शिरते, व जखम टांचणीएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गांठावा लागतो. दुसरें, १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांपैकीं ज्यांत कॉमन रेल पद्धति आहे, त्यांचें काम जाणत्या मिस्त्रीवरच सोंपवावें.

मापक दुरुस्ती करीत नाहीं. परंतु कोणता भाग उघडावयाचा व कोणता नाहीं, हें तो सांगतो. गळिताच्या दिवसांत एवढें कळणेंहि थोडें नव्हे.