'कवियत्री' नव्हे, आणि 'मना भाऊ' अशुद्ध नव्हे

प्रबंध लिहिणाऱ्याची पहिली परीक्षा मुखपृष्ठावरच होते. बांभोरीच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून 'कवियत्री' हे रूप जागोजागी भेटते. 'कवी'वरूनच शब्द बनला असणार, असा समज. मूळ संस्कृत शब्द 'कवयितृ', त्याचे स्त्रीलिंग 'कवयित्री'. 'व' मोकळा, पहिली वेलांटी 'य'ला.

मुखपृष्ठावर त्याच नावात पुढे 'विद्यापिठाचा' येते. गंमत म्हणजे इथे नियम पाठ असलेलेच फसतात. प्रत्यय लागताना शेवटून दुसरे अक्षर ऱ्हस्व होते, म्हणून गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला हे बरोबर. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद. म्हणून विद्यापीठ, विद्यापीठाचा.

हे नियम फार जुने, असेही अनेकांना वाटते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२चे, त्यांत चारांची भर पडली १९७२ साली. त्यामुळे १९६२आधीच्या पुस्तकातले, उच्चारात नसलेले अनुस्वार पाहून लेखकाला अडाणी ठरवू नये.

भारदस्तपणाचा गैरसमज दोन ओळींत उरकतो. 'संशोधकाद्वारे सर्वेक्षण करण्यात आले' यात 'संशोधकाने सर्वेक्षण केले' याहून शास्त्रीय काहीच नाही. 'द्वारे' उगाच पाहुणा येऊन बसला आहे.

खानदेशात खरा घोळ बोलीचा. बहिणाबाईंची गाणी अहिराणीत आहेत, असे बिनदिक्कत लिहिले जाते. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची भाषा लेवा गणबोली. अहिराणी धुळ्याकडची, अमळनेर-चाळीसगावकडची. आणि अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा तर जुना आजारच. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात ती 'खानदेशी' या नावाने नोंदवली, पण मराठीच्या खंडात घेतलीच नाही, भिल्ली भाषांबरोबर ठेवली. जनगणनाही खानदेशी वेगळी मोजते. २०११मध्ये तिचे भाषक साडेअठरा लाखांवर होते. भाषा की बोली, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावे. 'अशुद्ध' हा शब्द मात्र त्या भांडणात बसत नाही.

तरीही क्षेत्रकार्याच्या मुलाखती उतरवताना मुले बोली पुसतात, मार्गदर्शक लाल शाई फिरवतील म्हणून. प्रमाणलेखनाचे नियम संशोधकाच्या स्वतःच्या वाक्यांसाठी आहेत. शिंदखेड्याचा शेतकरी 'मना भाऊ' म्हणाला असेल, तर अवतरणात 'मना भाऊ'च लिहावे, शेजारी कंसात 'माझा भाऊ'.