कुत्र्याला बटाटा द्यावा का? आधी विचारा, कोणता बटाटा?

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐकावा असा. प्रश्न साधाच: कुत्र्याला बटाटा चालतो का?

एका वाक्यात उत्तर देते. उकडलेला, सोललेला, मीठ-मसाला न घातलेला बटाटा थोडासा दिला तर निरोगी कुत्र्याला चालतो. पण आपल्याकडे असा बटाटा त्याच्या वाट्याला येतो कधी? येते ती उरलेली भाजी. आणि खरी गडबड तिथेच आहे.

आमच्या चिनूचंच सांगते. वजन 9 किलो, पण उडी जबरदस्त. एकदा तिने ओट्यावरचं बटाट्याच्या भाजीचं पातेलं खाली ओढलं आणि चाटूनपुसून साफ केलं. मी म्हटलं, बटाटाच तर आहे, फार तर पोट बिघडेल. दोन दिवस ती मजेत होती. तिसऱ्या दिवशी उठेचना. हिरड्या पांढरट, लघवी गडद चहाच्या रंगाची. डॉक्टरांनी बटाट्याबद्दल काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, "भाजीत कांदा किती होता?" दोन होते. वर लसूणही.

तर होतं काय, कांदा-लसणात गंधक असलेले काही घटक असतात. ते कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींना इजा करतात आणि त्या पेशी फुटायला लागतात. हे लगेच दिसत नाही, काही दिवस जातात, म्हणून आपण गाफील राहतो. शिजवल्यानेही धोका टळत नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा होऊ शकते. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 50 ग्रॅम, एक लहानसा कांदा! लसूण तर त्याहून तीव्र. चिनू वाचली, पण अंगात ताकद यायला बरेच दिवस लागले. त्यामुळे कांदा-बटाट्याची भाजी, डोशातली भाजी, बटाटेवडा, सगळं बंद.

"उपासाच्या भाजीत कांदा नसतो, मग ती चालेल?" नाही हो. मीठ, मिरची, तूप असतंच की. वेफर्स आणि फ्राइजचंही तेच. जास्त तेलकट खाल्ल्याने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं साधं नसतं.

आता खुद्द बटाट्याकडे येऊ. बटाट्यात सोलानिन नावाचं नैसर्गिक विष असतं. एरवी ते अगदी थोडं असतं आणि मुख्यतः सालीत असतं. बटाटा उजेडात राहून हिरवा पडला किंवा त्याला कोंब आले की ते वाढतं. उकडल्यावर ते निघून जातं असं पुष्कळांना वाटतं, पण उकळत्या पाण्याने ते फारसं नष्ट होत नाही. म्हणून हिरवा बटाटा, कोंब, साली, बटाट्याच्या झाडाचा पाला, यातलं काहीही कुत्र्याला नको. उलटी, जुलाब, लाळ गळणं, मलूल होणं अशी लक्षणं दिसतात. कच्चा बटाटाही नको, त्यातला स्टार्च त्याला नीट पचत नाही.

शिजलेला स्टार्च मात्र पचतो. माणसाच्या सोबतीने राहून कुत्रा थोडा बदललाय. 2013 साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं, की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजचं जनुक लांडग्यात 2 प्रती इतकंच असतं, तर कुत्र्यात 4 ते 30 प्रती सापडतात.

मग द्यायचा किती? वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा नियम आहे. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे 600 कॅलरी लागतात, म्हणजे वरखाऊला 60. तेवढ्या साधारण 70 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात येतात. मध्यम बटाट्याचा अर्धा भाग समजा. हे रोजचं जेवण नव्हे, कधीतरीचा खाऊ. कुत्रा लठ्ठ असेल किंवा त्याला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि चुकून कांद्याची भाजी खाल्लीच तर? लक्षणांची वाट बघू नका. किती खाल्लं, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगून लगेच डॉक्टरांना फोन करा. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी अजिबात पाजू नका, त्या मिठानेच वेगळी विषबाधा होते.

मी आता एकच करते. बटाटे उकडले की फोडणी द्यायच्या आधीच चिनूची फोड बाजूला काढून ठेवते. आणि पातेलं? ते ओट्यावर नाही, थेट फडताळात!

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळा, स्वतःला आणि आपल्या चारपायी मंडळींना.