रिद्धपूरच्या मांडवातली विधवा

विदर्भाच्या मुली ऐकून घेणाऱ्या नव्हत्या, हे जुन्या ग्रंथांनी कुठेच लपवलेलं नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९व्या सूक्तात तपात बुडालेल्या अगस्त्याला त्याची बायको लोपामुद्रा ऐकवते की, खपता खपता माझं वय चाललं. महाभारत तिला विदर्भराजाची मुलगी म्हणतं. दमयंतीने देवांना डावलून नळाला माळ घातली आणि तो टाकून गेल्यावर त्याला शोधण्यासाठी स्वतःच्या दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवली. आणि रुक्मिणी? तिने सरळ पत्रच लिहिलं.

ही कथा सर्वांना ठाऊक आहे. भाऊ रुक्मी याने शिशुपाल ठरवला, बाप भीष्मक मुलापुढे नमला. मुलीने ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला, जागा कळवली, वेळ कळवली, आणि देवीच्या दर्शनाला म्हणून बाहेर पडली ती कृष्णाच्या रथात बसली. भागवतातल्या या पत्राचे श्लोक सात. त्यांत विनवणी आहे, पण बेत सगळा तिचा आहे. अमरावतीकर आजही अंबादेवीचं देऊळ दाखवून ‘इथूनच नेलं’ असं सांगतात. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे तिचं माहेर. तिथून १५९४पासून पंढरपूरला पालखी जाते, असं परंपरा सांगते.

घरच्यांचा बेत उधळून लावणाऱ्या मुलीची ही कथा. पुढे महाराष्ट्रात मुलीचं लग्न घरच्यांच्या पसंतीने लवकर जमावं म्हणून एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराची पारायणं होऊ लागली. एकनाथांनी तो ग्रंथ १५७१मध्ये पुरा केला आणि त्याच्या काव्यगुणांबद्दल वाद नाही. पण पारायणाच्या पाटावर बसलेल्या किती मुलींना कुणी सांगितलं असेल की, बाई, तू वाचतेस ती पळून गेलेल्या मुलीची गोष्ट आहे?

रुक्मिणीची कीर्ती समुद्रापार गेली होती. बाराव्या शतकात जावाच्या कडिरी राज्यात म्पू पनुलुह या कवीने ‘हरिवंश’ हे काव्य लिहिलं. त्याचा विषय रुक्मिणीहरण. म्पू त्रिगुणाच्या ‘कृष्णायन’ काव्यातही हीच कथा आहे आणि पूर्व जावातल्या पनतरन मंदिराच्या भिंतींवर ती दगडात कोरलेली आहे. म्पू मोनगुणाच्या ‘सुमनसांतक’ची नायिका इंदुमती, तीही विदर्भाचीच राजकन्या. जावाच्या कवींनी एक मोलाचा बदल केला. ‘कृष्णायना’त रुक्मिणीची आई पृथुकीर्ती नवऱ्याच्या निवडीविरुद्ध मुलीच्या बाजूने उभी राहते आणि कृष्णाला लवकर ये म्हणून कळवते. भागवतात रुक्मिणी एकटी आहे. जावामध्ये तिला आई मिळाली.

आपल्याकडे तिला मिळाली महदाइसा.

महदाइसा, म्हणजेच महदंबा, नाव रूपाईसा असंही सापडतं. महानुभाव पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांची चुलत बहीण, बालविधवा. आधी ती दादोसांची शिष्या होती, त्यांच्यामुळे पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्याकडे आली आणि तिथलीच झाली. चक्रधरांच्या आठवणींचं लीळाचरित्र वाचताना जागोजागी तिची गाठ पडते, आणि बहुतेक वेळा ती काहीतरी विचारत असते. उत्तराने समाधान झालं नाही तर पुन्हा विचारते. खुद्द चक्रधरांनी तिच्या या चिकित्सक स्वभावाचं कौतुक केल्याची नोंद आहे. बाइसा, आबाइसा, उमाइसा, साधें अशा कितीतरी बायका त्या ग्रंथात बोलतात, रुसतात, भांडतात, रांधतात, शंका काढतात. मासिक पाळीचा विटाळ मानू नये, शरीराच्या इतर स्रावांसारखाच तो एक स्राव, असं चक्रधर त्यांना तेराव्या शतकात समजावतात.

हे देवगिरीला खुपलं. यादवांचा करणाधिप हेमाद्री हा ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता, व्रतवैकल्यांचा तो महाकोशच. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरांवर जो ठपका ठेवला गेला, त्यात बायका त्यांच्याकडे ओढल्या जातात हा मुद्दा होता. घरातली बाई प्रश्न विचारायला बाहेर जाते, याची धास्ती केवढी होती ते यावरून कळावं.

चक्रधर निघून गेल्यावर ही मंडळी रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याजवळ राहिली. आज मोर्शी तालुक्यात असलेलं हे गाव. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, लोकांच्या नजरेला वेडे. कुणाच्याही घरात शिरत, कुणाचंही खात, मातंगांच्या वस्तीत जात. एकदा त्यांनी लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी तो मानला, तयारी सुरू झाली. लग्न म्हटलं की धवळे हवेत, वराची गाणी हवीत. ती गायला सांगितलं गेलं महदाइसेला.

इथे थांबलं पाहिजे. मराठीच्या इतिहासात या प्रसंगाचं वर्णन ‘आद्य कवयित्रीची उत्स्फूर्त रचना’ एवढ्या चार शब्दांत उरकतात, आणि त्यातली खरी गोष्ट निसटते. जिची सावलीही मांडवात नको, हळदीच्या वाटीला जिचा हात लागू द्यायचा नाही, अशी बालविधवा. विदर्भात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, हा रिवाज अजून पुरता मोडलेला नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी रिद्धपूरच्या मांडवात त्याच बाईला मध्यभागी बसवून मंगलगीत गायला लावलं गेलं, आणि तिने रचता रचता गायलं. त्यासाठी कथा निवडली ती रुक्मिणीची. रिद्धपूरहून कौंडिण्यपूर काही फार लांब नाही. मुलीच्या मनाविरुद्ध ठरलेलं लग्न मोडून तिच्या मनातलं लग्न लागतं, अशी ती कथा. जिच्या स्वतःच्या लग्नात तिला कुणी काही विचारलं नसणार, अशा बाईच्या तोंडून ती आली.

महदाइसा स्वतःला बंडखोर म्हणवत नव्हती, तिच्या दृष्टीने हे देवाचं गाणं होतं. अभ्यासकही ही निवड भक्तीच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. ते अपुरं आहे. भक्तीसाठी कृष्णाच्या हजार लीळा हाताशी होत्या. शिवाय ती या एका गाण्यावर थांबली नाही. ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ या नावाची वर्णमालेच्या क्रमाने जाणारी आणखी एक रचना तिच्या नावावर आहे, म्हणजे रुक्मिणीकडे ती पुन्हा वळली. धवळ्यांची भाषा साधी, घरातली आहे. ही राजकन्या बायकांमध्ये वाढलेल्या मुलीसारखी वाटते. नरेंद्र कवीचं रुक्मिणीस्वयंवर याच पंथातलं आणि त्याच काळाच्या आसपासचं. ते अलंकारांनी लखलखतं, त्यापुढे धवळे साधे दिसतात. तरी रुक्मिणीचा जीव कुठे जास्त धडधडतो, असं विचाराल तर धवळ्यांत.

पंथाने मात्र नरेंद्राला ‘साती ग्रंथां’त बसवलं, धवळ्यांना नाही. शिशुपाळवध, उद्धवगीता, वछाहरण, सह्याद्रिवर्णन, ऋद्धिपूरवर्णन, ज्ञानप्रबोध हे उरलेले सहा. सातही ग्रंथ पुरुषांचे. बायकांना संन्यास देणारा, विटाळ झुगारणारा पंथदेखील मान्य ग्रंथांची यादी करताना गायिलेल्या गाण्यापाशी अडला.

नागदेवांना मात्र या बायकांचं मोल नेमकं ठाऊक होतं. पंथातल्या पंडितांना संस्कृतात लिहिण्याची ओढ होती. केशिराजांसारख्या संस्कृतज्ञाला नागदेवांनी अडवलं. कारण असं की, तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात हा प्रसंग आहे. मराठी गद्याचा सुरुवातीचा एवढा मोठा ठेवा आपल्याला मिळाला तो या म्हाताऱ्यांपायी. महदाइसा त्यांतलीच एक.

हा ठेवा वाचवण्यातही एक बाई आहे. सुलतानी धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, तेव्हा एकपाठी हिराइसेच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा केला, असं परंपरा सांगते. ‘हिराइसापाठ’ हे नाव त्याची साक्ष देतं. नंतर पंथाने पोथ्या सकळ आणि सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केल्या आणि मराठी वाचकाला शतकानुशतकं त्यांचा पत्ता लागला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सांकेतिक लिपी उलगडली. त्यानंतरचं चिवट काम मुख्यतः विदर्भात झालं. यवतमाळच्या शारदाश्रमातून य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा मागोवा घेतला. ह. ना. नेने यांनी १९३६पासून नागपुरातून लीळाचरित्र छापायला घेतलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले वि. भि. कोलते तर आयुष्यभर या पोथ्यांत राहिले आणि १९७८मध्ये त्यांचं लीळाचरित्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलं. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने गोविंदप्रभूंचं चरित्र १९८४मध्ये इंग्रजीत नेलं.

लोकांतली रुक्मिणीही गप्प बसलेली नाही. पंढरपूरच्या कथेत राधेला नवऱ्याच्या मांडीवर पाहून ती द्वारका सोडते, दिंडीरवनात जाऊन बसते, आणि देवाला तिच्या मागे यावं लागतं. तिचं देऊळ आजही वेगळं आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात आहेत. त्यांत विठ्ठल-रुक्मिणीचा संसार हा बायकांचा आवडता विषय. तिथली रुक्मिणी संत जनाबाईवरून देवाशी भांडते, त्याला जाब विचारते. दळणाऱ्या बाईला घरात जे बोलता येत नव्हतं ते ती रुक्मिणीच्या तोंडी घालत होती.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. महदाइसेचं नाव तिथे व्याख्यानांत येईल, पण तेवढ्याने भागणार नाही. धवळे हे गाणं आहे, पोथीतल्या ओळी नव्हेत. वऱ्हाडात, झाडीपट्टीत लग्नघरी गाणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांना विद्यापीठात बोलवावं, धवळे त्यांच्यापुढे ठेवावेत, त्यांच्या चालीत गाऊन घ्यावेत आणि ध्वनिमुद्रित करावेत. आणि बोलावताना त्यांत विधवा कोण, सवाष्ण कोण, हे विचारू नये.