पाडेलीचे अर्थशास्त्र

कोकणातील कोणत्याही नारळ-बागायतदाराशी बोलणे काढा. विषय पावसापासून निघो वा निवडणुकीपासून, तो अखेरीस एका वाक्यापाशी येऊन थांबतो : ‘माडावर चढायला माणूसच मिळत नाही.’ यातील अडचण खरी आहे. पण एखादी वस्तू मिळत नाही असे कोणी म्हणाले, की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावयाचे असतात : कोणत्या किमतीला? आणि कोणत्या अटींवर? माडावर चढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे प्रश्न आपण कधी मोकळेपणाने विचारलेले नाहीत.

माडावरून नारळ उतरवणाऱ्याला दक्षिण कोकणात व गोव्यात पाडेली म्हणतात. माडी काढणारा निराळा. गोव्यात त्याला रेंदेर म्हणतात आणि तो त्याच माडांवर रोज चढतो. पाडेली एका बागेत दीड-दोन महिन्यांनी येतो आणि एका दिवसात अनेक मालकांच्या बागा फिरतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अशा एका पन्नाशी उलटलेल्या पाडेलीशी गेली काही वर्षे माझे बोलणे होत असते. त्याचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण काम, झाडे आणि देशाचा कारभार या तिन्हींविषयी त्याची मते ठाम आहेत. ती ऐकताना आपण वर्गात शिकवतो त्या सिद्धान्तांचीच परीक्षा चालली आहे, असे वाटत राहते.

श्रमाची किंमत

प्रथम कामाचा हिशेब पाहू. बाणवली जातीचा जुना माड ५० फूट उंच सहज असतो. दिवसाला ४० माड धरले, तर चढाई २,००० फुटांची होते; म्हणजे पायऱ्यांवाचून कुतुबमिनार आठ वेळा चढणे आणि तितक्याच वेळा उतरणे. संरक्षण काय, तर पायांत दोरीचा फास आणि स्वतःचे दोन हात. या कामातले कौशल्य कोणते, असे विचारता तो म्हणाला, ‘मास्तरांनू, चढात कोणय, उतरूक येवक व्हया.’ चढेल कोणीही, उतरता आले पाहिजे. थकवा उतरताना जाणवतो. हात सुटला तर मणका मोडतो, आणि घरातला कमावता माणूस उरलेले आयुष्य अंथरुणावर काढतो.

ॲडम स्मिथने १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पहिल्या भागातील दहाव्या प्रकरणात निरनिराळ्या कामांची मजुरी निरनिराळी का, याची कारणे दिली आहेत. काम जितके कष्टाचे व अप्रतिष्ठेचे, शिकावयास जितके अवघड आणि जितके हंगामी, तितकी मजुरी अधिक असली पाहिजे. गवंड्याला कडाक्याच्या थंडीत काम करता येत नाही, म्हणून त्याच्या कामाच्या दिवसांच्या मजुरीत रिकाम्या दिवसांचीही भरपाई हवी, असे तो दाखवून देतो. आमच्या पाडेलीलाही पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर चढता येत नाही. तेव्हा स्मिथच्या सर्व कसोट्या लावल्या तर कोकणातील सर्वांत चांगली मजुरी पाडेलीला मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या तसे घडले नाही.

याचे उत्तर स्मिथनंतर ७२ वर्षांनी, १८४८ साली, जॉन स्टुअर्ट मिलने दिले. सर्वांत कष्टाची व नकोशी कामे प्रत्यक्षात सर्वांत कमी मोबदल्याची असतात. कारण ज्यांना दुसरा मार्गच नाही अशी माणसे ती करतात, असे त्याने बजावले. पुढे १८७४ मध्ये केर्न्सने समाजातील कामगारांचे असे गट असतात, की एका गटातील माणूस दुसऱ्या गटाच्या कामासाठी स्पर्धाच करू शकत नाही, हा विचार मांडला. आपल्या देशात हे समजण्यास ग्रंथाची गरज नव्हती. जातींच्या भिंती समोर उभ्याच होत्या. पाडेलीच्या घरातला मुलगा माडावर चढे, कारण त्याच्यासाठी दुसरे काही राखून ठेवलेलेच नव्हते. मजुरीचा काही भाग नारळांच्या रूपाने मिळे आणि उरलेल्या भागाविषयी घासाघीस होई.

आता त्या भिंतींना तडे गेले आहेत. शाळा आली, एस.टी. आली, शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ झाला. या पाडेलीचा मुलगा त्या विमानतळावर प्रवाशांची गाडी चालवतो. म्हणजे मिलने वर्णिलेली लाचारी जसजशी सरत आहे, तसतसा स्मिथचा नियम प्रथमच खरा ठरू लागला आहे. माडामागचा दर वाढतो आहे आणि त्या वाढीलाच आपण ‘माणसांची टंचाई’ असे नाव दिले आहे. २०२४-२५ मध्ये नारळाचे भाव उसळले, त्या वेळी तो हसत म्हणाला, ‘नारळ म्हाग झालो ती बातमी, पाडेली म्हाग झालो तां गाऱ्हाणां.’ एकाच बाजारातील दोन किमतींकडे पाहण्याची आपली दृष्टी किती वेगळी आहे, हे याहून नेमके सांगणे कठीण आहे.

माडाची जखम

पाडेली केवळ नारळ उतरवतो, हाही एक गैरसमज आहे. माडाच्या शेंड्यापर्यंत नियमित पोहोचणारा तो एकटाच माणूस असतो. झावळ्या त्रिकोणी कातरलेल्या दिसल्या की गेंड्या भुंगा आला, हे तो ओळखतो. सोंड्या भुंग्याने खोड पोखरले की शेंडा कलण्याआधी त्याला शंका येते. गेल्या काही वर्षांत चक्राकार अंडी घालणारी पांढरी माशी आणि तिच्यामागून झावळ्यांवर चढणारी काळी बुरशी बागायतीत दिसू लागली. मालकाला ती खालून दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. कृषी खात्याचा कोणताही अधिकारी ५० फुटांवर जाऊन पाहणी करीत नाही. ती पाहणी पाडेली करतो आणि तिचा मोबदला कोणत्याही दरात धरलेला नसतो.

चढण्यासाठी खोडात खाचा पाडणाऱ्यांवर त्याचा विशेष राग आहे. आंब्या-फणसाच्या खोडात सालीखाली वाढीचा थर असतो, त्यामुळे त्यांची जखम हळूहळू झाकली जाते. माडाला तसा थर नाही. त्याच्या खोडावरची खाच जन्मभर तशीच राहते आणि भुंग्याला वाट देते. हे वनस्पतिशास्त्र त्याने पुस्तकातून शिकलेले नाही. पण त्याच शास्त्राचा आधार पुढे करून २०१६ साली गोव्यात वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि माड ‘वृक्षा’च्या व्याख्येबाहेर गेला, तेव्हा त्याला मोठी गंमत वाटली होती. लोकांचा रोष झाला. २०१७ मध्ये तो निर्णय फिरवण्यात आला आणि माडाला राज्यवृक्षाचा मान मिळाला. ‘झाडाचो मान परत मेळलो, बरां झाला,’ तो म्हणाला, ‘पण झाडार चढणारो खंयच्या व्याख्येत बसता?’

व्याख्येबाहेरचा माणूस

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांसाठी १९७५ पासून कायदा आहे. त्याखाली दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावयाची असते. झाडावर चढणाऱ्यांची गणना मात्र शहरात नाही आणि गावातही नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ताडामाडांचा रस काढणारे व झाडे तोडणारे यांचा समावेश असे. म्हणजे झाडावरचे काम जोखमीचे आहे, हे शासनाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण नुकसानभरपाईसाठी एक निश्चित मालक असावा लागतो. दुपारपर्यंत पाच बागा फिरणाऱ्या पाडेलीचा मालक कोण? ज्याच्या माडावरून तो पडला तो? तो मालक म्हणेल, हा माझा नोकर नव्हे, आणि तेही अगदीच खोटे नसेल.

शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडणे हा अपघात तीत धरला जातो. पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेला पाडेली पडला तर तो पडला शेतातच, पण शेतकरी म्हणून नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माड-पोफळींच्या बागा झोपल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळाचा तडाखा बसला. भरपाई क्षेत्रावर द्यावी की झाडावर, यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या झाडांवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांचा विषय तीत कोठेच आला नाही.

मार्ग आहे

ठेंगू जाती लावा, यंत्रे घ्या, असे सुचवले जाते. दोन्ही सूचना योग्य आहेत. चढण्याचे यंत्र केरळमध्ये चांगले रुजले आहे आणि नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना त्याचे प्रशिक्षण दिले आहे. परंतु आज उभे असलेले उंच माड आणखी कित्येक दशके उभे राहणार आहेत आणि यंत्रालाही माणूस लागतोच.

अनेक मालक आणि एक कामगार हा पेच महाराष्ट्राने एकदा सोडवलेला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी मंडळाकडे केली, मजुरीवर लेव्ही बसवली आणि तीतून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी उभ्या केल्या. कोणत्या व्यापाऱ्याचे पोते पाठीवर असताना हमाल पडला, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरला. तेच तत्त्व माडाला का लावू नये? ग्रामपंचायतीने पाडेलींची नोंद ठेवावी. बागायतदाराने प्रत्येक माडामागे मजुरीबरोबर अल्प रक्कम विम्याच्या खात्यात भरावी. चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची जी विमा योजना आहे, तिच्याशी हे खाते जोडावे.

आक्षेप येईल, की बागा लहान व विखुरलेल्या आहेत, वसुली कोण करणार? बाजारपेठेच्या एका आवारात गोळा झालेल्या हमालांइतके हे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून आरंभ दोन-तीन तालुक्यांत, सहकारी संस्थांच्या मार्फत व स्वेच्छेने करावा. पाडेली वेळेवर मिळण्याची हमी संस्थेने दिली, तर बागायतदार ही रक्कम आनंदाने देईल. आज त्याचे नुकसान चढ्या मजुरीपेक्षा न उतरवलेल्या नारळांमुळेच अधिक होते.

‘तुमचा मुलगा पुन्हा या धंद्यात येईल का?’ असे मी विचारले होते. ‘पडल्यार घर चलतला असां कोणी लिवन दिल्यान, तर इचारतलंय,’ असे उत्तर मिळाले. पडल्यावरही घर चालेल, एवढे लेखी आश्वासन त्याला हवे आहे. तेवढे न देता माणूस मिळत नाही म्हणून हळहळणे, हे अर्थशास्त्रात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही.