पट्टी लावली का?

इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणजे सतार-तबला दुरुस्त करणारा, अशी आमच्या एका मावशींची बरीच वर्षे प्रामाणिक समजूत होती. तेव्हापासून माझा धंदा सांगताना मी स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करतो. दूध वर येऊ लागले की आपण गॅसची कळ फिरवतो. डोळे पाहतात, डोके ठरवते, हात कळ फिरवतो. कारखान्यात डोळ्यांचे काम मापकयंत्र करते, डोक्याचे काम कंट्रोल रूममधले यंत्र करते आणि हात म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह. पण हाताला 'अर्धी फिरव' म्हटले, आणि त्याने खरोखर अर्धीच फिरवली का, हे पाहणारा कोणी नको का? व्हॉल्व्हच्या अंगाला बसवलेली ती पेटी म्हणजे पोझिशनर.

गोष्ट २००४ सालच्या दिवाळीची, वर्धा जिल्ह्यातल्या एका कारखान्यातली. नाव सांगत नाही. चूक कारखान्याची नव्हती, माझी होती.

बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तो पेटवायचा होता. बॉयलरच्या माथ्यावर एक जाड पोलादी पिंप असते, त्याला ड्रम म्हणतात. त्यातले पाणी ठरल्या रेषेजवळ राहावे लागते. फार खाली गेले तर नळ्या तापून फुटण्याची भीती. फार वर गेले तर वाफेबरोबर पाणीही निघते आणि टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. ही रेषा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचा पोझिशनर आम्ही बदलला होता.

जुना पोझिशनर हवेवर चालणारा. ३ ते १५ पौंड दाबाची हवा हाच त्याला हुकूम. आत एक बारीक तोटी आणि तिच्यासमोर हलणारी पातळ पट्टी. आमच्या विभागातले जुने फिटर, ज्यांना सगळे नुसते 'काका' म्हणत, त्या तोटीची फुसफुस ऐकून दुखणे सांगत. नवा पोझिशनर इलेक्ट्रॉनिक. त्याला हुकूम विजेचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा. शून्यापासून का नाही, असे चौकस वाचक विचारतील. तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. 'बंद हो' हा हुकूमही शून्यच ठेवला असता, तर हुकूम कोणता आणि अपघात कोणता हे कळणार कसे? ही युक्ती मला आजही फार शहाणपणाची वाटते.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि गुंडी दाबून होणाऱ्या कामांवर माझा गाढ विश्वास होता. व्हॉल्व्हचा प्रकार, स्प्रिंगची बाजू, दांड्याची ४० मिलिमीटरची चाल, सगळे त्या पेटीत भरले आणि स्वयंचलित कॅलिब्रेशन सुरू केले. पेटीने व्हॉल्व्ह पूर्ण मिटवला, पूर्ण उघडला, दोन्ही टोके ध्यानात ठेवली आणि काचेवर झोकात लिहिले, झाले! मी कागदावर सही ठोकली.

काका डब्यातला गोरसपाक खात उभे होते.

"पट्टी लावली का, बाप्पा?"

"काका, डिस्प्लेवर सगळं बरोबर आहे."

"ते त्याले वाटते. दांड्याले इचार ना."

थोड्या कुर्ऱ्यातच मी खिशातली पोलादी पट्टी काढली. ४ मिलिअँपिअरला दांडा शून्यावर, २० ला ४० वर. मी विजयाने काकांकडे पाहिले. "आता मधात दे," ते म्हणाले. १२ दिले. काचेवर ५० टक्के आले. पट्टीवर २० मिलिमीटर हवे होते, होते १७!

कारण साधे होते. दांड्याची चाल पेटीला कळते ती एका लहान दांडीच्या फिरण्यातून. दांडा निम्म्यावर असताना ही दांडी त्याच्याशी काटकोनात असावी लागते. मी कंस खाली-वर न जुळवता वाकड्यातच बोल्ट आवळले होते. टोके पेटीला शिकवलेली, म्हणून ती बरोबर. मधले सारे चुकीचे. काकांची आई सेवाग्रामकडे सूत कातायला जात असे. चात केसभर वाकली तरी सूत तुटते, आणि ती चात सरळ करण्याचे काम लहानपणी काकांकडे होते. वाकडेपण शोधायची खोड तिथलीच असावी.

पण आता काय? अंगठा धरायला व्हॉल्व्ह पुन्हा सोडायचा म्हणजे निदान दोन तास. सगळ्यांना पूजेला घरी जायचे होते. साहेब म्हणाले, "ऑटोवर चालून जाईल. पाणी कमी पडलं तर कंट्रोलर आणखी उघडेल." आणि हे खोटे नव्हते! ऑटोवर खरोखरच भागले असते. मोह मलाही झाला.

काकांनी आवाज चढवला नाही. "अन् राती ऑटो गेला तं? पोट्टा हातानं पन्नास देईन, अन् पन्नास आलं समजून बसन."

ड्रमवर रात्रपाळीला असणारा तो पोरगा माझ्या खोलीत राहणारा होता. मी साहेबांच्या टेबलावरून कागद उचलला, स्वतःची सही खोडली आणि म्हणालो, "साहेब, माझी चूक आहे. दोन तास द्या." साहेबांनी घड्याळ पाहिले, काकांकडे पाहिले, आणि एक शब्द न बोलता फोन उचलून बॉयलरवाल्यांना थांबायला सांगितले. त्यांचा तो न रागावणारा चेहरा मला रागावण्यापेक्षा जड गेला.

कंस सैल केला, व्हॉल्व्ह निम्म्यावर आणून दांडी काटकोनात बसवली, पुन्हा कॅलिब्रेशन. या वेळी ८ ला १०, १२ ला २०, १६ ला ३०, पट्टीनेच. उतरताना पुन्हा तेच आकडे. पॅकिंग जास्त आवळले असले तर दांडा चिकटतो आणि चढउतार जुळत नाहीत, तेही पाहून घेतले. बॉयलर पेटला तेव्हा अंधार पडला होता आणि गावाकडून फटाक्यांचे आवाज येत होते.

काकांनी डब्यातला शेवटचा गोरसपाक काढला, मधोमध मोडला आणि एक तुकडा माझ्या पुढे केला.

"पाय बरं, अर्धा हाय का?"