घराजवळचं पाणी आणि सकाळचे चार तास

बांगलादेशातल्या खेड्यांत सकाळी नऊनंतर घरं मोकळी होतात. पुरुष शेतावर, मोठी भावंडं शाळेत, आई चूल नाहीतर धुणं यांत गुंतलेली. दीड-दोन वर्षांचं मूल अंगणात रांगतं, धावतं आणि अंगणाला लागूनच घरचं तळं असतं. पुरापासून वाचायला घराचा चौथरा उंच करतात. त्यासाठी माती काढली की जो खड्डा उरतो, त्यातच पाणी साठतं. एक ते चार वर्षांची मुलं तिथं सर्वाधिक बुडतात ती सकाळी नऊ ते एकच्या दरम्यान, घरापासून काही पावलांवर.

अशा वेळी आईला बोल लावला जातो. तो सरळ अन्याय आहे. एकटी बाई एका हाताने भाकरी भाजणार आणि दुसऱ्या हाताने मूल सांभाळणार किती?

शिवाय लहान मूल बुडताना ओरडत नाही. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल पुढे जातो, आणि स्वतःला मागे ढकलण्याइतकी ताकद हातांत नसते. अर्धी बादली पाणी पुरतं, काही मिनिटांत सगळं संपतं.

सीआयपीआरबी या बांगलादेशी संस्थेने नेमके हे चार तास हेरले. ‘आँचल’ नावाची केंद्रं गावातल्याच बाईच्या घरी भरू लागली: आठवड्याचे सहा दिवस, नऊ ते एक, वीस-पंचवीस मुलं, गाणी, खेळ आणि सतत मुलांवर लक्ष ठेवणारी बाई. केंद्रात येणाऱ्या मुलांमधले बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ८,००० केंद्रांची योजना मंजूर केली.

महाराष्ट्रात अंगणाशेजारी तळं नसतं, पण झाकण नसलेला हौद, भरलेलं पिंप, कठडा नसलेली विहीर असते. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शेततळीही वाढली. ज्यांना प्लॅस्टिकचं अस्तर आहे, त्यांत पडलं की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही, मुलाचं तर विचारूच नका. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आणि काठाला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, एवढं तरी प्रत्येक शेततळ्याला हवंच.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, मिठात ठेवणं यात जीव वाचवणारी मिनिटं वाया जातात. श्वास थांबला असेल तर तिथंच तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करावी, दुसऱ्याने १०८ला फोन करावा. हे आशाताईंनी प्रत्येक वस्तीवर करून दाखवायला हवं.

अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्या मुलांची. सर्वांत धोक्यातलं, एक ते तीन वर्षांचं मूल त्या वेळी घरीच असतं. सहा महिन्यांपासूनच्या मुलांना दिवसा सांभाळणारी अंगणवाडी-पाळणाघरं केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत बसतात. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावासाठी ती मागा, आणि त्याच सभेत गावातल्या उघड्या विहिरींची यादीही करा.