पोलीस भरतीतील वॉर्म-अप

पोलीस भरतीतील वॉर्म-अप म्हणजे मैदानी चाचणीपूर्वी उमेदवाराने कोणत्याही साधनाविना, केवळ स्वतःच्या शरीरभाराचा उपयोग करून करावयाचा साधारण १० ते १५ मिनिटांचा पूर्वतयारीचा व्यायाम होय. बोलीभाषेत त्यास ‘अंग गरम करणे’ असे म्हणतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात पोलीस शिपाई पद हा शेतकरी कुटुंबांतील तरुण-तरुणींना स्थिर नोकरीचा एक प्रमुख मार्ग वाटतो. त्यामुळे भरतीचा सराव येथे चांगला रुजला आहे. मात्र धावण्याच्या सरावाच्या मानाने वॉर्म-अपकडे दुर्लक्ष होते.

चाचणीचे स्वरूप

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) आणि ७.२६० किलोग्रॅम वजनाच्या गोळ्याची फेक (१५ गुण) हे प्रकार असतात. महिलांसाठी १६०० मीटरऐवजी ८०० मीटर अंतर असून गोळा ४ किलोग्रॅमचा असतो. पुरुषांना पूर्ण गुणांसाठी १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत व १०० मीटर अंतर ११.५० सेकंदांत पार करावे लागते. १०० मीटरमध्ये एका सेकंदाच्या फरकाने दोन-तीन गुण जाऊ शकतात आणि मांडीच्या मागील स्नायू ताणला गेल्यास ती भरतीच हातची जाते.

शरीरात होणारे बदल

हलक्या हालचालींनी स्नायूंचे तापमान वाढते, त्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि सांध्यांची हालचाल सुलभ होते. स्नायूंचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास त्यांची कार्यक्षमता सुमारे २ ते ५ टक्क्यांनी सुधारते, असे क्रीडाविज्ञान मानते. १६०० मीटरसारख्या शर्यतीत आणखी एक लाभ होतो. प्राणवायूचा वापर आरंभापासूनच वेगाने होऊ लागतो आणि पहिल्या फेरीत दम लागण्याचे प्रमाण कमी राहते.

एकाच स्थितीत स्नायू दीर्घकाळ ताणून धरणे ही जुनी पद्धत अनेक मैदानांवर अजूनही दिसते. एकेक स्नायू ६० सेकंदांहून अधिक काळ ताणल्यास त्यानंतर लगेच वेगाने धावण्याची वा गोळा फेकण्याची ताकद काहीशी घटते. असे ताण चाचणीनंतर द्यावेत. चाचणीपूर्वी हालते ताण अधिक उपयुक्त ठरतात.

व्यायामक्रम

आरंभी तीन-चार मिनिटे संथ धावावे. त्यानंतर घोटे, गुडघे, कंबर व खांदे फिरवावेत. आधार धरून पाय पुढे-मागे झुलवावा. एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवत काही पावले चालावे. मग ८ ते १० बैठका, ५ ते ८ जोर, गुडघे उंच उचलत धावणे आणि टाचा मागे नितंबांपर्यंत नेत धावणे असा क्रम ठेवावा. शेवटी ३० ते ४० मीटरच्या दोन-तीन धावा, वेग हळूहळू वाढवत. गोळाफेकीपूर्वी खांदे व कंबर यांच्या हालचालींना अधिक वेळ द्यावा.

येथे तालमीच्या परंपरेविषयी एक गैरसमज आढळतो. जोर-बैठका मराठी मुलखाला परिचित असल्याने काही उमेदवार चाचणीच्या सकाळीही त्या शंभरावर काढतात. तो व्यायाम झाला, पूर्वतयारी नव्हे. त्याने पाय थकतात. खो-खोच्या वॉर्म-अपचीही हीच गत. अर्जुन पुरस्कारप्राप्त सारिका काळे यांच्यासारखी खेळाडू घडविणाऱ्या या जिल्ह्यात त्याचे अनुकरण होणे स्वाभाविक आहे. पण त्यातील झपाट्याने दिशा बदलण्याच्या हालचालींचा सरळ रेषेतील धावेला फारसा उपयोग नाही.

प्रतीक्षेची अडचण

कागदपत्रांची तपासणी, उंची-छातीची मोजणी आणि छाती क्रमांकानुसार रांग यांत बराच वेळ जातो. वॉर्म-अपचा परिणाम मात्र साधारण १५ ते २० मिनिटांनी ओसरू लागतो. पहाटेच मैदानाबाहेर घाम येईपर्यंत धावलेला उमेदवार प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी पुन्हा थंड झालेला असतो. म्हणूनच शरीरभाराच्या हालचालींचे महत्त्व आहे: रांगेत दोन हात जागा मिळाली तरी जागच्या जागी धावणे, टाचा उचलणे आणि चार-पाच बैठका शक्य असतात. मुख्य व्यायाम एकदा करून नाव पुकारले जाईपर्यंत दर काही मिनिटांनी अशी उजळणी करावी. थंडीत अंगावरचा स्वेटर शेवटच्या क्षणापर्यंत ठेवावा.

हवामान व सुरक्षितता

राज्यातील एका भरतीची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, तर त्यानंतरची १९ जून २०२४ पासून. बालाघाटच्या पठारावरील थंड सकाळी १५ मिनिटेही अपुरी वाटू शकतात. जूनच्या दमट उकाड्यात ७-८ मिनिटे पुरतात आणि ती सावलीत करणे इष्ट.

वॉर्म-अपने उष्माघात टळत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचा मृत्यू झाला व त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. उन्हाची सवय आठवडा-दोन आठवड्यांच्या सरावाने होते. पाणी, झोप आणि हलका आहार यांना पर्याय नाही. चक्कर, मळमळ, छातीत दुखणे किंवा बोलण्यात असंबद्धता जाणवल्यास उमेदवाराने धावणे तत्काळ थांबवावे आणि मैदानावरील वैद्यकीय पथकास कळवावे.